सत्त्याण्णव शिखरे फुकट

आमच्या सोसायटीचा रात्रीचा पहारेकरी नेपाळमधल्या बझाङ जिल्ह्याचा आहे. बारा-तेरा वर्षे तो आमच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. सगळे त्याला ‘बहादूर’ म्हणतात. ते त्याचे नाव नाही, हे मला पाच-सहा वर्षांनी कळले आणि तेही बँकेत खाते उघडायला त्याला माझी मदत लागली म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. नेपाळ सरकारने कर्णाली आणि सुदूरपश्चिम या दोन प्रांतांतली ९७ शिखरे पुढची दोन वर्षे गिर्यारोहकांना विनाशुल्क खुली केली होती. बझाङ सुदूरपश्चिमातच येते. रात्री दूध आणायला खाली उतरलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने ती बातमी त्याला वाचून दाखवली.

तो हसला. म्हणाला, “साहेब, आमच्याकडे डोंगराला पैसे कधी लागले? पैसे लागतात ते तिथून निघायला.”

लेखकाला असे वाक्य फुकट मिळाले की तो खूश होतो. मीही झालो. पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या शेजारच्या विंगेत एक कुटुंब राहते. मुलगा तिशीचा. शाळेत असल्यापासून सह्याद्रीत भटकणारा. कोकणकड्यावर, लिंगाण्यावर दोर लावून चढलेला, हिमाचलातले दोन रीतसर अभ्यासक्रम केलेला. पोरगा गुणी, याबद्दल शंका नाही. एका संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, “काका, तुम्ही बँकेत होतात. बाबांच्या फ्लॅटवर किती कर्ज मिळेल?” मला वाटले, लग्न असेल नाहीतर धंदा. तो म्हणाला, “एव्हरेस्ट.” दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. वहिनींच्या हातात फ्लॅटच्या कागदपत्रांची फाइल होती. “भाऊजी, ही तुमच्याकडे ठेवा. घरात असली तर तो नेईल, आणि त्याचे बाबा नाही म्हणणार नाहीत.”

ती फाइल माझ्या कपाटात आली. आणि एका नेपाळी घरातून निघालेला माणूस, एका मराठी घरातून निघू पाहणारा मुलगा आणि मधल्या देशाचा हिशेब या तिन्ही गोष्टी मी एकत्र पाहू लागलो. सदतीस वर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

नेपाळची मालमत्ता काय आहे, ते आधी पाहू. जगात आठ हजार मीटरहून उंच अशी १४ शिखरे आहेत, त्यांतली आठ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर: एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू आणि अन्नपूर्णा. त्याखाली सात हजारांची आणि सहा हजारांची रांगच रांग. १९४९-५० पर्यंत हा देश परक्यांना जवळजवळ बंद होता. दारे उघडली आणि १९५० मध्ये फ्रेंचांनी अन्नपूर्णा सर केली. आठ हजारी शिखराच्या माथ्यावर माणसाने ठेवलेले ते पहिले पाऊल. तीन वर्षांनी तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि मग जगाला या देशात दुसरे शिखर जणू दिसेनासेच झाले.

२०२४ मध्ये गिर्यारोहणाच्या परवान्यांतून नेपाळला सुमारे ५९ लाख डॉलर मिळाले. त्यांतले तीन चतुर्थांशाहून अधिक एकट्या एव्हरेस्टचे. आमच्या बँकेत एखादी शाखा एकाच बड्या ठेवीदाराच्या जिवावर चालायची. तो शिंकला तरी शाखाधिकारी डॉक्टरला बोलवायचा. नेपाळच्या पर्यटन खात्याची अवस्था तशी आहे. उलट त्या फुकट केलेल्या ९७ शिखरांवर आधीच्या दोन वर्षांत मिळून ६८ गिर्यारोहक गेले होते. म्हणजे शिखराला एक माणूसही नाही. तेव्हा सरकारने फार मोठा त्याग केला, अशातला भाग नाही. जे खाते वर्षानुवर्षे निष्क्रिय पडले आहे, त्याचे शुल्क माफ केल्याने बँकेचे काय जाते?

ही शिखरे लहान आहेत म्हणावे, तर तसेही नाही. उंची ५,९७० मीटरपासून ७,१३२ मीटरपर्यंत. सर्वांत उंच ते आपी. बझाङच्या डोक्यावरचे सायपालही सात हजारांच्या वर आहे. आपी १९६० मध्ये आणि सायपाल १९६३ मध्ये जपानी गिर्यारोहकांनी सर केले. त्यानंतर तिथे गेलेल्यांची संख्या आपल्या हरिश्चंद्रगडावर एका शनिवारी चढणाऱ्यांपेक्षा कमी भरावी.

आता दुसरे टोक पाहा. एव्हरेस्टचा वसंत ऋतूतला परवाना २०१५ पासून ११,००० डॉलर होता. १ सप्टेंबर २०२५ पासून तो १५,००० डॉलर झाला. शुल्क वाढले म्हणजे गर्दी घटेल, असे सांगितले गेले. मला हे पटत नाही. माणसागणिक सगळा खर्च आपल्या रुपयांत पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. तेवढे उभे करणारा माणूस साडेतीन लाख वाढले म्हणून घरी बसत नाही. तो आणखी एक दागिना मोडतो.

मे २०१९ मधले ते छायाचित्र अनेकांना आठवत असेल. निर्मल पुर्जा या नेपाळी गिर्यारोहकाने टिपलेले. शिखराखालच्या धारेवर रंगीबेरंगी कपड्यांतली माणसे, एकाच दोराला धरून, रेशनच्या रांगेसारखी उभी. त्या वर्षी नेपाळने ३८१ परवाने दिले होते. मोसमात अकरा माणसे गेली. २०२३ मध्ये परवाने पावणेपाचशेवर गेले आणि बळी त्याहून वाढले. पण नुसता परवान्यांचा आकडा धरून चालणार नाही. माथ्यावरून वाहणारे प्रचंड वारे वर्षात फार थोडे दिवस बाजूला सरकतात, बहुधा मे महिन्याच्या उत्तरार्धात. सगळे चमू त्याच दिवसांची वाट पाहत तळाशी बसतात आणि हवामानाचा अंदाज सगळ्यांना एकाच वेळी कळतो. शिवाय दोर एकच. आठ हजारांच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशावर येतो. तिथे तास-दोन तास रांगेत उभे राहणे म्हणजे पाठीवरच्या नळकांड्यातला प्राणवायू घड्याळ लावून जाळणे. वेगवान माणूस मंद माणसाच्या मागे अडकतो, आणि मंद माणूस तिथे का आला, तर त्याला कोणी नाही म्हटले नाही म्हणून.

‘नाही’ म्हणण्याचा प्रयत्न झाला नाही, असे नव्हे. २०२४ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यांवर मर्यादा घालण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सभेत एक विधेयक मांडले गेले: ज्याने नेपाळमधले सात हजार मीटरचे एखादे शिखर चढले असेल, त्यालाच एव्हरेस्टचा परवाना द्यावा. परदेशी कंपन्यांनी नाके मुरडली. नेपाळचेच सात हजारी का, अलास्कातला किंवा पाकिस्तानातला पहाड का चालू नये, असा त्यांचा प्रश्न. पुढे त्या सप्टेंबरात काठमांडूत तरुणांच्या आंदोलनाचा भडका उडाला, संसदेची इमारत जळाली, प्रतिनिधी सभा विसर्जित झाली. अशा दिवसांत गिर्यारोहणाच्या विधेयकाकडे कोण पाहणार? मला मात्र ती अट योग्य वाटते. आम्ही नव्या कर्जदाराला आधी लहान रक्कम देऊन पाहायचो. परतफेड नीट झाली तर मोठी. त्याला कोणी अपमान मानत नसे.

कचऱ्याचा नियम मात्र कारकुनी डोक्यातून निघालेला. २०१४ पासून प्रत्येक चमूकडून ४,००० डॉलर अनामत घ्यायची आणि माणशी आठ किलो कचरा खाली आणला तर ती परत द्यायची, अशी योजना झाली. कागदावर चोख. पण आठ किलो म्हणजे आठ किलो. तो आठ हजारांवरच्या शेवटच्या छावणीतला की तळाजवळचा, हे काटा सांगत नाही. वरची फाटकी तंबूची कापडे आणि रिकामी नळकांडी वरच राहतात. २०१९ पासून नेपाळी लष्कराला सफाई मोहिमा काढाव्या लागल्या, त्यात कचऱ्याबरोबर मृतदेहही उतरवले गेले. अनामत परत मिळायची म्हणून खातेदार खूश, नोंद पुरी व्हायची म्हणून खाते खूश.

पण या साऱ्या हिशेबात मला छळणारा आकडा वेगळाच आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. त्या वाटेवरच्या भेगा दर वर्षी नव्याने उघडतात. त्यांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या आणि दोर बांधणारी एक खास तुकडी असते, तिला ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात. ग्राहक ती वाट मोसमात मोजक्या वेळा ओलांडतो. शेर्पा तंबू, अन्न, नळकांडी घेऊन पंधरा-वीस वेळाही ये-जा करतो. त्या दिवशी सरकारने तातडीची मदत म्हणून घरटी ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. आपले पंचवीस हजार. संतापलेल्या शेर्पांनी त्या वर्षीचा मोसम जवळजवळ बंद पाडला, तेव्हा उंचीवरच्या वाटाड्याच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. २०२५ च्या नियमांत ती वीस लाखांवर नेली.

आता बेरीज करा. पंधरा हजार डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने एकवीस लाख नेपाळी रुपये. म्हणजे एका ग्राहकाच्या परवान्याचे शुल्क आणि त्याला वर नेणाऱ्या माणसाच्या जिवाची कागदावरची किंमत जवळजवळ एकच, आणि त्यातही शुल्क थोडे अधिक. हे दोन्ही आकडे एकाच सरकारी कचेरीने एकाच वर्षी ठरवले. ते शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिले असतील का?

हे मी आज ऐटीत लिहितो आहे, म्हणून माझीही एक नोंद केलीच पाहिजे. निवृत्तीनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये मी एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत चालून आलो. आम्ही आठ जण, बहुतेक निवृत्त. लुक्ल्याला उतरलो, नामचे बाजारात दोन रात्री काढल्या, हवा विरळ होत गेली तशी गप्पाही विरळ होत गेल्या. माझे सामान ज्याच्या पाठीवर होते, तो भरिया, म्हणजे हमाल, विशीतला होता. आपल्याकडे समज असा की तिथले सगळे शेर्पा, सगळ्यांना उंची मानवते. तसे नाही. पुष्कळसे भरिये खालच्या टेकड्यांतले राई, तमांग, मगर असतात. त्यांचे डोके आपल्यासारखेच दुखते. माझ्या बॅगेत दहा किलोंची मर्यादा असताना पंधराच्या वर वजन होते. त्यात दिवाळीतला चिवडा आणि लाडू यांचा तीन किलोंचा डबा होता. सौभाग्यवतींनी दिलेला, आणि मी तो काढला नाही.

लोबुचे सुमारे ४,९०० मीटरवर आहे. तिथे संध्याकाळी तो मुलगा आजारी पडला. उलट्या, खोकला, चालताना झोक जाऊ लागला. आमच्या खिशात हेलिकॉप्टरच्या सुटकेसकट विम्याची कागदपत्रे होती. मी वाटाड्याला विचारले, “हेलिकॉप्टर?” तो म्हणाला, “रात्री उडत नाही. आणि त्याच्या नावावर विमा नाही.” कायद्याने असायला हवा होता. कंपनीने त्याला लुक्ल्यात रोजावर घेतले होते. शेवटी दुसऱ्या एका मुलाबरोबर, हातात विजेरी देऊन, त्याला खाली फेरिचेकडे चालत पाठवले.

मी झोपण्याच्या पिशवीत पडून हिशेब केला. सकाळी हेलिकॉप्टर बोलावले तर किती डॉलर, आठ जणांत वाटले तर किती, सगळे तयार होतील का. हिशेब पुरा झाला आणि मी काहीच बोललो नाही. रात्री हेलिकॉप्टर उडत नाही, हे कारण मला फार सोयीचे वाटले. पहाटे आम्ही पुढे निघालो. तळछावणीवर छायाचित्रे काढली. त्यांत मी हसतो आहे.

परतीच्या वाटेवर फेरिचेला तो भेटला. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे छोटे मदत केंद्र आहे, १९७३ पासूनचे. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सावरले होते. एका चहाघराच्या स्वयंपाकघरात तो लसूण सोलत बसला होता. ओझे न वाहिलेल्या दिवसांची मजुरी कापली गेली होती. आम्ही वर्गणी काढून ती भरून दिली. त्याने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मग माझी बॅग उचलून उभा राहिला. त्यात डबा तसाच होता, निम्मा रिकामा.

तेव्हापासून तिथल्या बातम्या मी घरच्या बातम्यांसारख्या वाचतो. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना वाटाड्या सक्तीचा झाला, तेव्हा एकट्याने भटकणारे फार चिडले. मला राग आला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये थामे गावावर वरची हिमतळी फुटून पूर आला, घरे आणि शाळा वाहून गेली. तेनझिंगचे बालपण ज्या गावात गेले ते गाव. कामी रिता शेर्पाही तिथलाच, मे २०२५ मध्ये एकतिसाव्यांदा एव्हरेस्टवर जाऊन आलेला. पूर दिवसा आला म्हणून माणसे वाचली. खुंबूतल्या शेर्पांनी आपली मुले केव्हाच काठमांडूला, अमेरिकेला शिकायला पाठवली आहेत. मुलाने हा धंदा करू नये, असे तिथला बाप उघड म्हणतो. चित्राची दुसरी बाजूही आहे. एकेकाळी फक्त ओझी वाहणारे आता कंपन्यांचे मालक झाले आहेत, आणि जानेवारी २०२१ मध्ये केटू शिखर हिवाळ्यात पहिल्यांदा सर केले ते दहा नेपाळ्यांनी, शेवटची पावले एकत्र टाकत. जगातल्या भल्याभल्यांना ते जमले नव्हते. ती बातमी वाचून मी एकटाच घरात टाळ्या वाजवल्या होत्या.

आता शेजारच्या मुलाकडे येतो. मी त्याला बसवून नेहमीचे प्रश्न विचारले. परतफेड कशातून? “नाव होईल काका. सत्कार, व्याख्याने, मग प्रायोजक.” त्याचे सगळेच चूक नव्हते. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला अभिमान वाटला होता. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीच्या चमूने चढाई केली तेव्हाही. पण आज एका मोसमात शेकड्यांनी माणसे वर जातात. शिखराचा भाव राहिला, शिखर चढलेल्याचा उतरला. आणि कर्ज काढून गेलेल्या माणसाला शंभर मीटर खालून परत फिरणे फार जड जाते, हे मी त्याला सांगितले. वाटाडा ‘मागे फिर’ म्हणतो तेव्हा त्याच्या कानात हप्त्याची तारीख वाजते. २०१६ मध्ये एका भारतीय दांपत्याने शिखरावरची बनावट छायाचित्रे दिली आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, ते काय नुसत्या लबाडीने? घरी परतून काय तोंड दाखवायचे, ही भीती माणसाकडून पुष्कळ काही करवते.

“मग मी काय करू?” तो म्हणाला.

“सायपालला जा. सात हजारांच्या वर आहे. परवाना फुकट. उद्या तो कायदा झाला तर उपयोगीच पडेल.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “काका, सायपालला कोण ओळखतं?”

मला उत्तर सुचले नाही. नेपाळ सरकारलाही हेच उत्तर सुचत नसावे. परवाना माफ केला, पण तिथे लुक्ल्यासारखी दिवसाला डझनांनी विमाने उतरत नाहीत, वाटेवर चहाघरे नाहीत, अडचणीत हाकेच्या अंतरावर हेलिकॉप्टर नाही. सगळे अन्न, सगळे दोर खालून वाहून न्यायचे. फुकट शिखरापर्यंत पोचायचा खर्च भरपूर आहे. पहिली वीस वर्षे खुंबूतही असेच होते. हिलरीने १९६४ मध्ये लुक्ल्याला धावपट्टी बांधायला मदत केली, शाळा काढल्या, दवाखाना उभारला, मग लोक आले. आपी-सायपालला असा कोणी भेटलेला नाही, आणि शुल्कमाफीचे परिपत्रक काही धावपट्टी बांधत नाही.

तरी मी त्या मुलाला रात्री फाटकाशी घेऊन गेलो. पहारेकऱ्याने आधी खुर्ची त्याला दिली, मग एका वहीच्या पानावर वाट काढून दाखवली. दिल्ली, तिथून बनबसा, पूल ओलांडून महेंद्रनगर, मग डोंगरातली बस चैनपूरपर्यंत. पावसाळ्यात रस्ता कुठे तुटतो ते त्याने फुली मारून दाखवले. पुढे सेती नदी, तिच्या काठाने वर. लहानपणी तो मेंढरे घेऊन किती वरपर्यंत गेला होता, तिथून सायपाल केवढा दिसतो, हे सांगताना त्याने शिट्टी खिशात ठेवून दोन्ही हात वर नेले. पोरगा पहिल्यांदाच वाकून नीट पाहू लागला. त्याने विचारले, “गावात सामान उचलायला माणसं मिळतील? पंधरा-वीस लागतील.”

“गावात आता म्हातारे आणि बायका,” पहारेकरी म्हणाला. “माझा एक भाऊ बंगळूरला, एक वाशीला. मेहुणा मागच्या गल्लीतल्या बंगल्यावर. पंधरा-वीस पाहिजेत तर इथेच गोळा करून देतो.”

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तो वही मुलाच्या हातात देऊन फाटक उघडायला गेला.